दिवा आपसूक जाईपर्यंत

पुण्याहून निघालो तेव्हा आमच्या सोसायटीच्या वॉचमनने गेट उघडण्याआधी गाडीभोवती एक फेरी मारली. बाजारात भाकड म्हैस बघायला आलेला माणूस मारतो तशी. मग म्हणाला, "साहेब, हिला घेऊन? वरंध्याच्या घाटातून?" मी काच खाली केली, म्हणजे अर्धीच केली, कारण उरलेली अर्धी होत नाही, आणि त्याला सांगितलं की तुझ्या लग्नाच्या आधीपासून ही गाडी घाट चढते आहे. त्याने गेट उघडलं. पण मागे वळून पाहिलं तर तो हात जोडून उभा होता, आणि तो मला नमस्कार करत नव्हता.

जायचं होतं पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या खांद्यावर बसलेल्या एका वाडीत. वाडीचं नाव लिहीत नाही. तिथले लोक हे वाचतील, आणि मला त्या वाडीत पुन्हा पाऊल टाकायचं आहे. तिथे माझी अनशीआत्या राहते, वडिलांची धाकटी बहीण. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. घराच्या मागे डोंगर आणि त्या डोंगराला पडलेली चीर. तळीये गावावर डोंगर कोसळला तेव्हापासून इकडे चीर हा शब्द कोणी मोठ्याने उच्चारत नाही. दर मे महिन्यात दारावर नोटीस लागते, की पावसाळ्यात सुरक्षित स्थळी स्थलांतर करावे. आत्या ती नोटीस अलगद सोडवून घेते आणि तांदळाच्या डब्यावर झाकण म्हणून ठेवते.

दर मेमध्ये मी तिला फोनवर विनवायचो आणि दर मेमध्ये ती "बगू" म्हणायची. यंदा मात्र म्हणाली, "ये. गाडी दारात आण. पावसाच्या आधी नेतोस तर ने." आत्याचा होकार म्हणजे अळवावरचं पाणी. बायकोची नवी गाडी दुरुस्तीला गेली होती, ती येईपर्यंत थांबलो नाही. माझी काढली.

भोर मागे पडलं, घाट लागला. वाघजाईच्या देवळापाशी भज्यांच्या टपऱ्या आहेत. घाटात आलेल्या माणसाने तिथे भजी खाल्ली नाहीत तर पुढे गाडी लागते अशी पुणेकरांची श्रद्धा आहे, आणि भजी खाल्ल्यामुळेच लागते असा माझा अनुभव. भजी तळणाऱ्या बाईंनी माझ्या बॉनेटमधून येणाऱ्या वाफेकडे बघत विचारलं, "गाडीला पन पाणी देऊ का?" मी म्हटलं, वाफ तुमच्या कढईची आहे. त्या म्हणाल्या, "कढई हिकडं हाय, साहेब." मी भज्यांची दुसरी प्लेट मागवून विषय बदलला.

घाट उतरला की हवा बदलते. अंगातला शर्ट अंगाचाच होऊन बसतो. महाडला पोचलो तेव्हा सावित्री नदी उन्हात अंग चोरून पडली होती. कोकम सरबत प्यायलो आणि पोलादपूरचा रस्ता धरला. हायवे आता इतका रुंद झालाय की माझ्या गाडीला मधोमध एकटं पडल्यासारखं वाटलं असावं. पोलादपुरात चहा घेतला. चहावाला कंटाळलेला होता. म्हणाला, "कशेडीचा बोगदा झाल्यापासून ट्रकवाले थांबतच नाय. समद्यांना घाई." मी वाडीचं नाव सांगून रस्ता विचारला. त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग गाडीकडे, मग पुन्हा माझ्याकडे. "जाताना एकटे जाताय ना? मंग चढेल."

चढली. लाल मातीचा धुरळा उडवत, पहिल्या गियरमध्ये, करवंदीच्या जाळ्यांना घासत चढली. वाडीत शिरलो तेव्हा गाडी इतकी लाल झाली होती की माझ्याच गाडीची ओळख पटेना. आत्या अंगणात उभी होती. साठी कधीच ओलांडलेली, काटक, डोळे बारीक करून बघणारी. मला आधी विचारलं, "जेवलास?" आणि उत्तर ऐकायच्या आत गाडीकडे वळली. "हीच का तुजी?"

हा प्रश्न वॉचमनच्याच सुरात आला म्हणून मला चेव चढला. मी बॉनेट उघडलं. एंजिनाशेजारी एक काळा चौकोनी डबा असतो, त्याला ट्रंकेसारख्या कड्या असतात. त्या खटाखट उघडून मी आतला फिल्टर बाहेर काढला, पायरीवर आपटला, लाल धूळ झाडली आणि आत्याला सांगितलं, "हे गाडीचं नाक. इथून ती श्वास घेते. नाक साफ असलं की कुठलाही घाट चढते."

आत्या वाकून बघत होती. "नाक हाय. मंग कपाळ कुठं हाय रे?"

"कपाळ नसतं गं आत्या. नुसतं नाक."

"कपाळ नाय?" तिने मान हलवली. बिनकपाळाच्या प्राण्याची तिला कीव आली असावी. मी हसलो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

संध्याकाळी नाचणीची भाकरी, सुकट आणि कुयरीची (कोवळ्या फणसाची) भाजी. जेवताना सामानाची वाटाघाट झाली. ट्रंक, एक गाठोडं, लोणच्याची बरणी आणि वरवंटा न्यायचा. पाटा न्यायचा नाही. पाट्याशिवाय वरवंटा कशाला, असं मी विचारलं. आत्या म्हणाली, पाटा हितं ठेवलाय म्हणजे मी परत येणार हाय.

सकाळी ट्रंक पडवीत (घरापुढच्या उघड्या ओसरीत) आली. आत्याने नवं लुगडं नेसलं होतं, पदराला कसली तरी गाठ मारली होती. मी किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली, दोनदा ठसकली, दमेकऱ्यासारखी धापा टाकू लागली आणि स्टिअरिंगमागे पिवळा दिवा लागला. एंजिनाचं चित्र असलेला, नळाची तोटी वाटावी असा. आत्याला मागे बसवून आंबेनळी किंवा वरंधा चढायचा, आणि अर्ध्या घाटात हिने मान टाकली तर? एकदा परत वर आणलेली आत्या पुन्हा खाली उतरणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. पावसाला फार दिवस नव्हते. प्रतापगडाच्या बाजूला रोज दुपारी ढग गोळा होऊ लागले होते.

आता या वाडीबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे. इथे शेती करणारे थोडे आणि मुंबईत ड्रायव्हरकी करून आलेले फार. घरटी एक स्टिअरिंग आहे म्हणा ना. त्यामुळे माझी गाडी ठसकली तेव्हा तो आवाज नव्हता, ते आमंत्रण होतं. दात घासता घासता माणसं आली. सर्वांत पुढे धोंडूतात्या, आत्याचे शेजारी, जन्मभर मुंबईत टॅक्सी चालवलेले. त्यांच्या मागे रघुदादा, जो अजून मुंबईत शाळेची बस चालवतो आणि मेच्या सुट्टीला गावी आला होता. या दोघांचं एकमेकांशी कधी पटलेलं नाही, आणि माझं बॉनेट हे त्यांना आयतंच मैदान मिळालं.

तात्या दिव्याकडे तिरस्काराने बघत म्हणाले, "आमच्या गाड्यांना ह्यो दिवाच नव्हता. म्हनून बिगाडपन नव्हता."

"तात्या, तुमचा जमाना गेला," रघुदादा म्हणाला. "कंपनी मुद्दाम लावते हा दिवा. टेन्शन नाय घ्यायचा. टेप मार त्याच्यावर. माज्या बसला दोन वर्सं टेप हाय."

मी दचकलो. "अरे, पण बसमध्ये शाळेतली मुलं असतात ना?"

"मुलं मागं बसतात. त्यांना कुठं दिसतो?"

तात्यांनी एक प्लग काढला, काडेपेटीच्या बाजूवर घासला आणि परत बसवला. रघुदादाने पेट्रोलचं झाकण आवळलं, कारण झाकण सैल असलं की दिवा लागतो असं त्याला कोणीतरी दादरच्या सिग्नलवर सांगितलं होतं. कोणी बॅटरीची वायर सोडवली, कोणी चाकं ठोकली. चाकांचा आणि एंजिनाच्या दिव्याचा संबंध विचारल्यावर तो गृहस्थ म्हणाला, बघून ठेवलेलं बरं. चोर सोडून संन्याशाला फाशी चालली होती. या सगळ्या वेळात आत्या ट्रंकेवर बसून होती, एक अक्षर न बोलता. जिचं तोंड झोपेतसुद्धा बंद नसतं ती आत्या गप्प का, हा प्रश्न मला पडायला हवा होता.

शेवटी मी माझं ब्रह्मास्त्र काढलं. काडेपेटीएवढं यंत्र, ऑनलाइन मागवलेलं. स्टिअरिंगखालच्या खोबणीत बसवायचं, मोबाइलला जोडायचं, की गाडीला काय झालंय ते ती आकड्यांत सांगते. सगळे पुढे सरसावले. मोबाइलवर आकडे उमटले, पी-शून्य-एक-शून्य-एक. सर्वांनी ते मोठ्याने वाचले आणि माझ्याकडे पाहिलं. याचा अर्थ काय? अर्थ इंटरनेटवर होता, आणि वाडीत रेंज नव्हती.

"रेंजच्या धोंड्यावर जावा लागंल," तात्या म्हणाले. वाडीच्या मागे, डोंगराच्या पोटाशी एक मोठा कातळ आहे, तिथे उभं राहिलं की रेंज येते. आत्या मला फोन करायची तो इथूनच. माझ्या बायकोच्या समजुतीने आत्या फोनवर धापा टाकत बोलते कारण तिला भावना आवरत नाहीत. तो चढ चढल्यावर मलाही भावना आवरेनात.

वर पोचलो, तात्या सोबत होते. खाली सगळी वाडी दिसत होती, कौलांच्या मधे आत्याचं अंगण, अंगणात आ वासून उभी माझी गाडी. पलीकडे कशेडीकडे जाणारा हायवे दोऱ्यासारखा. फार देखणी जागा. आणि कातळापासून हाताच्या अंतरावर ती चीर होती. मी तिच्याविषयी इतकी वर्षं ऐकत होतो, पाहिली पहिल्यांदा. डोंगराच्या अंगावर आडवी गेलेली, सरळ आत्याच्या घराच्या डोक्यावर. म्हणजे तिची जागा दिसत होती. चीर दिसत नव्हती. तिच्यात दगड, लाल माती आणि पेंढा गच्च भरला होता, वरून निळं प्लास्टिक अंथरून कडेला धोंडे ठेवले होते.

"बुजवली," तात्या अभिमानाने म्हणाले. "वाडीनं श्रमदान केला. आता काय नाय."

"परत उघडत नाही?"

"उघडते ना. पावसात उघडते. मंग परत भरतो." त्यांनी पायाने एक धोंडा सरळ केला. "आमी काय गप बसत नाय."

मी मोबाइलमध्ये डोकं घातलं. पी-शून्य-एक-शून्य-एक म्हणजे एंजिनात जाणाऱ्या हवेच्या मापात घोळ. कारणं डझनभर, त्यातली अर्धी महागडी. एका व्हिडिओत एक उत्साही मुलगा सांगत होता की आधी कोड पुसून बघा, बऱ्याचदा दिवा जातो. हा सल्ला मला आवडला. कष्ट नसलेले सल्ले मला नेहमीच आवडत आले आहेत.

खाली येऊन मी सर्वांसमोर पुसण्याचं बटन दाबलं. दिवा गेला. वाडीने टाळ्या वाजवल्या. रघुदादाने सांगितलं की झाकण त्यानेच आवळलं होतं. आत्या ट्रंकेवरून उठली, गाठोडं काखेत मारलं. मी गाडी वळवायला मागे घेतली, ती ठसकली आणि दिवा पुन्हा लागला. आत्या बसली. मी परत पुसला, ती उठली, दिवा लागला, ती बसली. असं काही वेळ चाललं. "पुसत राहा, पुसत राहा," रघुदादा म्हणत होता. "घाटमाथ्यापर्यंत पोचलास की पुढं उतार हाय."

तेवढ्यात मला एक साधी गोष्ट सुचली, जी त्या उत्साही मुलाच्या आधी सुचायला हवी होती. घोळ हवेचा आहे, तर जिथून हवा जाते ते बघावं. मी काळ्या डब्याच्या कड्या उघडल्या. फिल्टरच्या वर, नळीच्या तोंडाशी ओढली गेलेली एक पांढरी चिंधी होती. उपसून काढली. तिची गाठ सुटलेली होती आणि आतली राख हवेच्या सेन्सरवर, नळीत, सगळीकडे पसरली होती. राखेत तांदळाचे दाणे होते.

मग पडवीतून आवाज आला. "माजी हाय ती."

ही रीत मला ठाऊक होती. वाडीतून कोणी लांबच्या वाटेला लागलं की काळकाई देवीचा अंगारा सोबत द्यायचा. माणसाच्या पदराला किंवा खिशात, वासराला विकून पाठवलं तर त्याच्या कपाळाला. आत्याने पदराची गाठ दाखवली, तिचा स्वतःचा अंगारा तिथे होता. "गाडीला पन लावनार होते. तूच बोललास ना, तिला कपाळ नाय. मंग नाकात घातला."

सगळी वाडी हसत सुटली. तात्यांना ठसका लागला. मी मात्र तापलो होतो. सकाळपासून प्लग, झाकण, चाकं, कातळ, आणि मुळात ही चिंधी! मी ओरडलोच. "आत्या, अगं गाडी बंद पडली असती घाटात! कशाला करतेस असले उद्योग?"

"वरडू नको," ती म्हणाली, पण तिचा आवाज बारीक झाला होता. "देवीला बोलले मी. मला जाऊ द्यायची आसंल तर गाडी नीट चालव. नायतर हितंच थांबव. तिनं दिवा लावला."

"देवीने नाही लावला, तू लावलास!"

"चिंधी माजी," आत्या म्हणाली. "दिवा तिचा."

यावर माझ्या यंत्रात आकडा नव्हता. रघुदादा मोटारसायकलवर पोलादपूरला जाऊन असले नाजूक भाग साफ करायचा स्प्रे घेऊन आला. मी सेन्सर धुतला, नळी पुसली, डबा झाडला. किल्ली फिरवली तर एंजिन गुळगुळीत चालू झालं. पिवळा दिवा मात्र तसाच. दोष गेला तरी गाडीची खात्री पटायला वेळ लागतो. काही फेऱ्या सुखाने झाल्या की तो आपणच जातो, नाहीतर बटन दाबून घालवायचा. मी मोबाइल हातात घेतला.

"बटन दाबू नको," आत्या म्हणाली.

"आत्या, दोष निघाला. आता नुसता दिवा उरलाय."

"आपसूक गेला तर येते. तू घालवलास तर नाय येत. बुजवून टाकायची ह्या तात्याची रीत हाय, माजी नाय." तात्यांचं हसू मावळलं. आत्याने पुढे येऊन खोबणीतलं यंत्र उपटलं आणि घरात नेऊन तांदळाच्या डब्यात ठेवलं. वर नोटीस झाकली.

असा माझा मुक्काम लांबला. दिवा आपसूक जाण्यासाठी गाडी रोज चालायला हवी, थंड व्हायला हवी, पुन्हा चालायला हवी. हे मी सहज बोलून गेलो आणि वाडीने ते मनावर घेतलं. दिव्याच्या भल्यासाठी तात्या केसांना कलप लावायला पोलादपूरला आले. दिव्याच्या भल्यासाठी रघुदादाची बायको सुकट आणायला आली. येताना गाडीला इतका वास आला की आता तीच समुद्रात जाऊन आली असावी. चंपी नावाची शेळी मागच्या सीटवर बसून जनावरांच्या डॉक्टरकडे गेली आणि माझ्या सीटबेल्टचा एक तुकडा प्रवासखर्च म्हणून खाऊन आली. माझ्या गाडीचं वडाप (माणसं कोंबून नेणारी जीप) झालं होतं. पुण्यातून बायको विचारायची, कधी येताय? मी रेंजच्या धोंड्यावर उभा राहून सांगायचो, दिवा बघतोय. माझ्या पायाशी निळं प्लास्टिक वाऱ्याने फडफडायचं. वारा आता खालून, समुद्राकडून येत होता, आणि मला त्याची भीती वाटू लागली होती. एकदा माझ्या मनात आलं, आत्या विहिरीवर गेली की डब्यातून यंत्र काढावं, बटन दाबावं, कोणाला काय कळणार? डब्यापर्यंत गेलोही. पण नोटिशीवर आत्याने तिची जपमाळ ठेवली होती. मला वाटतं, मुद्दाम.

मग एका सकाळी आत्या नाचणीचा डबा घेऊन गाडीत येऊन बसली. "गिरणीत न्हे. रघुची बायको पीठ जाडं काढून आनते." अंगावर घरातलं विटकं लुगडं, पायात स्लीपर. आम्ही उतरलो. ती वाटभर दिव्याकडे बघत होती, मी रस्त्याकडे. गिरणीवर बरीच गर्दी होती. तिने गिरणीवाल्याला जाड-बारीक यावरून चांगलं सुनावलं, पीठ चिमटीत धरून दोनदा परत घालायला लावलं आणि ऊन ऊन डबा मांडीवर घेऊन शेजारी बसली.

मी किल्ली फिरवली. किल्ली फिरवल्यावर समोरचे सगळे दिवे एकदम लागतात, मग एंजिन सुरू झालं की एकेक जातात. लाल गेला. दुसरा लाल गेला. पिवळाही गेला.

आत्या डोळे बारीक करून बघत होती.

"गेला?"

"गेला."

"तू काय केलास?"

"काही नाही गं. यंत्र तुझ्या डब्यात आहे."

तिने बराच वेळ त्या काळ्या काचेकडे पाहिलं. मला आतून उकळ्या फुटत होत्या. मी गाडी वर जाणाऱ्या रस्त्याकडे वळवली. "चल, सामान घेऊ, ट्रंक तर भरलेलीच आहे, दुपारच्या आत निघू."

"वर नको," आत्या म्हणाली.

"अगं पण ट्रंक? वरवंटा? दार?"

"दाराला कडी हाय. कुत्रा जात नाय आत." ती पिठाच्या डब्यावर दोन्ही हात दाबून बसली होती. "वर गेले तर मी परत उतरायची नाय, बाळू. माजा मला म्हाईत हाय. चल हितनंच."

मी तिच्याकडे पाहिलं. तिच्या गालांवरून पाणी येत होतं आणि ती ते पुसत नव्हती, कारण हाताला पीठ होतं. मला आनंद व्हायला हवा होता, ज्यासाठी आलो ते झालं होतं. मला रडू आलं. विटकं लुगडं आणि स्लीपर घालून, घराला सांगितल्याशिवाय माणूस आपलं घर सोडतो, आणि आपण त्याला पिवळ्या दिव्याच्या निमित्ताने न्यायला येतो. मी गाडी वळवली. आंबेनळीच्या रस्त्याला लागलो. एका वळणावरून समोरचा डोंगर आणि त्याच्या खांद्यावरची वाडी दिसते. मी वेग कमी केला. "थांबू नको," ती म्हणाली आणि पदराची गाठ मुठीत धरली.

गाडी घाट चढली. एकदाही ठसकली नाही. सोसायटीच्या गेटवर वॉचमन धावत आला. त्याने आत्याला खाली उतरवलं, पिठाचा डबा घेतला, आणि मग गाडीच्या बॉनेटला हात लावून तो कपाळाला लावला. मी त्याला अडवलं नाही.

त्याला आता आठवडा झाला. आत्याने आमच्या स्वयंपाकघरातली प्रत्येक वस्तू जागेवरून हलवली आहे आणि रोज सकाळी मला किल्ली फिरवायला लावते. दिवा जातो, मग ती चहा घेते. मी या प्रवासाची टिंगल करायला बसलो होतो. तात्यांची, रघुदादाच्या टेपची, माझ्या काडेपेटीएवढ्या विद्वत्तेची. ती केलीही. पण निळं प्लास्टिक लिहिताना हात थांबतो. आपण सगळेच दिव्यावर टेप मारून जगतो. फक्त काहींच्या घरावर डोंगर असतो.

परवा तात्यांचा फोन आला, धापा टाकत, म्हणजे धोंड्यावरून. आधी सांगितलं की चंपी बरी आहे. मग सांगितलं की वाडीने चिरीत नवी माती भरली, औंदा वरून सिमेंटपण मारलं, आता काय नाय. एवढं सांगूनही फोन ठेवला नाही.

"आमी दोगं हाव, बाळू," तात्या म्हणाले. "मी आनि आमची म्हातारी. सामान न्यायला येशील तवा गाडी रिकामी आन. आमचा सामान काय जास्ती नाय."

आज निघतोय. आत्याने पदराची गाठ सोडली, उरलेला अंगारा माझ्या कपाळाला लावला आणि गाडीकडे बोट करून म्हणाली, "तिच्या नाकात नाय घातला. शपथ."

मी हो म्हटलं, बॉनेट उघडलं आणि डबा बघून घेतला.